एकवीस हजारांची काठी

मासे धरायच्या काठीला एकवीस हजार रुपये पडतात हे मला गेल्या जानेवारीपर्यंत माहीत नव्हतं. कळलं ते आमच्याच घरात, आणि ती विकत आणणारा माणूस माझा बाप होता.

त्या दिवसांत मी काय करत होते ते आधी सांगते, नाहीतर माझा संताप कळायचा नाही. मी आणि आमच्या संघटनेतले चौघे शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्यांच्या गेटवर पत्रकं वाटत होतो. ग्राइंडर वर्षानुवर्षं हातात थरथरत राहिला की कामगाराच्या बोटांचं काय होतं, यावरचं पत्रक. मजकूर माझा. खाली सहा प्रश्न छापलेले. थंडीत बोटं पांढरी पडतात का, खाली पडलेलं नाणं उचलता येतं का, शर्टाचं बटण लावता येतं का, असे. रात्रपाळी सुटायच्या वेळी गेटवर उभं राहायचं, माणसाला अडवायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची. शनिवारी असंच दोन तास उभं राहून मी गडमुडशिंगीला घरी आले, तर सोप्यातल्या कॉटवर काळ्या कापडाची लांबडी पिशवी पडलेली. शेजारी आबा. नवीन वासराजवळ बसावं तसे बसलेले, हात न लावता.

आबांनी एकोणतीस वर्षं शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत काढली. फेटलिंग खात्यात. ओतून गार झालेल्या जॉबच्या कडा आणि चरे ग्राइंडरनं घासून साफ करायचं ते खातं. दोन वर्षांमागं निवृत्त झाले.

वाचणाऱ्याला एव्हाना काहीतरी कळलं असेल. मला कळलं नव्हतं. मी पिशवीतलं बिल वाचलं आणि सुरू झाले.

काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. पण सूर पत्रकाचाच होता. चैन हा शब्द चार वेळा आला. गेटवर भेटलेला एक माणूस हातमोजे मिळत नाहीत म्हणून फडकं गुंडाळून ग्राइंडर धरतो, त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी तुमची ही काठी, असं म्हटलं. बांबूच्या काठीला मासे लागत नाहीत का, नदीतला मासा काय किंमत विचारून गळाला लागतो का, असंही म्हटलं. शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं. पत्रकात चाललं असतं.

आबा ऐकत राहिले. आई आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "एकोणतीस वर्षांत त्यांनी सोताला काय घेतलंय तेवढं सांग. मग बोल."

बिलाच्या मागं छापलं होतं, आठ दिवसांत माल परत घेतला जाईल. मी बिल माझ्या झोळीत टाकलं आणि जाहीर केलं की पुढच्या शनिवारी काठी परत जाणार. आबांनी पिशवीची चेन बंद केली. बंद केली म्हणजे चेनीला बांधलेला दोऱ्याचा मोठा फास मनगटात अडकवून ओढली. दोरा कशाला बांधलाय हा प्रश्न मला पडला नाही. माणसाला राग आला की डोळे फक्त रागाच्या कामाचं तेवढंच बघतात.

मंगळवारी मी लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात गेले. म्हाताऱ्या माणसाला बोलण्यात गुंडाळून महागाचा माल गळ्यात मारला, असं माझं गृहीत होतं, आणि तेच ऐकवायला गेले होते. दुकानदार माझ्याच वयाचा निघाला. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? हितं येणाऱ्या बहुतेकांना मी ही काठी देतच न्हाई. मिरवायला नेत्यात, आन धा दिवसांत मोटारीच्या दारात मोडून आणत्यात. त्यांना साधी काठी बी लई हुती."

मग माझ्या वडिलांना का दिली, असं मी विचारलं.

दिली नाही, त्यांनी निवडली, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस लागोपाठ आले. पहिल्या दिवशी प्रत्येक काठीवर नखानं टिचकी मारून कान लावला. मला हसू येणार होतं, कारण ही सवय मला ठाऊक होती. फाउंड्रीत जॉबवर हातोडी मारून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा आहे. आबा माठ, कलिंगड, शेजाऱ्याची नवी मोटारसायकल, सगळं असंच वाजवून बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी काठीची मूठ हातात धरली नाही. बाही वर सारून कोपराला टेकवली, डोळे मिटले, आणि दुकानदाराला म्हणाले, तिकडं टोकाला हळूच नख घास. मी सांगीन कवा घासलंस ते. स्वस्तातल्या काठ्यांपासून सुरुवात केली. दुकानदार घासायचा, आबा गप्प. घासायचा, गप्प. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत महागाच्या काठीवर ते म्हणाले, आता. आणि थोड्या वेळानं, आता न्हाईस घासत.

"त्यास्नी मी दोनदा फसवायला बघितलं," दुकानदार म्हणाला. "फसलं न्हाईत."

मी हे ऐकलं आणि निष्कर्ष काढला की म्हाताऱ्याला नाटक आवडलं आणि दुकानदारानं ते खपवलं. शनिवारी काठी घेऊन येते, म्हणून बजावलं आणि निघाले.

बुधवारी रात्री जेवताना आबा पहिल्यांदा बोलले. एक सकाळ माझ्याबरोबर नदीवर चल. त्यानंतर बी परत द्यायची म्हणालीस तर मी गाडीवर मागं बसून काठी धरून येतो दुकानात. उद्या गुरुवार, आई घरात मासा घेत नाही, तर शुक्रवारी. माझ्या मते सौदा सोपा होता. हरायचं त्यांनीच होतं.

शुक्रवारी पहाटे मुरगूडला निघालो. तिथं आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, शेती करतो, आणि त्याच्या रानाला लागून वेदगंगेचा बंधारा आहे. आबांचं सगळं मासे धरणं त्या बंधाऱ्यावर झालेलं. लग्नाच्या वर्षापासून सुट्टी मिळाली की ते तिथं बसायचे. अलीकडं तीन वर्षं जाणं बंद झालं होतं. निवृत्ती जवळ आली की माणूस सुस्त होतो असं मला वाटायचं. गाडी मी चालवत होते, काठी त्यांच्या पाठीवर, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या जॅकेटच्या खिशांत. थंडी फार होती. कागलच्या पुढं तर उसाच्या पाल्यावर दव नुसतं पांढरं दिसत होतं.

मामा बंधाऱ्यावर आधीच येऊन शेकोटी करून बसला होता. काठी बघून म्हणाला, "काय दाजी, एकवीस हजारांत मासं धरून घरी आणून देणारा माणूस बी मिळाला असता की."

मला बरं वाटलं. आमच्या बाजूनं एक मत पडलं.

जानेवारीत बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात, म्हणजे कमानींतून फळ्या अडकवून पाणी अडवलेलं असतं. वरच्या अंगाला नदी फुगून उभी राहते. वाफ निघत होती पाण्यातून. पलीकडच्या काठावर कोणाची तरी मोटर चालू होती, तेवढाच आवाज. आबांनी हात खिशातून काढले आणि गळ बांधायला घेतला.

मी बघत होते, कारण दुसरं काही बघायला नव्हतं. उजव्या हाताची तीन बोटं पेरापासून पुढं खडूसारखी पांढरी होती. रक्त आहे की नाही अशी. डाव्या हाताची दोन. गळ बोटांतून निसटला, दगडावर पडला, त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. एकदा. दोनदा. मामानं बोलता बोलता, उसाच्या तोडीचं काहीतरी सांगता सांगता, गळ उचलला, नायलॉनचा तंगूस ओवला, गाठ मारली, दात लावून कापला, गांडूळ टोचलं, आणि आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी मान हलवली नाही. हे दोघांचं किती वर्षांचं चालत आलेलं असेल, ते त्या न हललेल्या मानेवरून कळलं.

"आबा, बोटं," मी म्हटलं.

"आदी पांढरी, मग निळी," ते म्हणाले. "तुला सांगितलंतं की."

सांगितलं होतं. पत्रक छापायला द्यायच्या आधी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली होती. नुसती पांढरी लिहू नको, आधी पांढरी, मग निळी, मग आग होते. तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं होतं. कामगार बोलत्यात, म्हणाले. मी ती दुरुस्ती केली, आणि खाली छापलं, कामगारांशी प्रत्यक्ष बोलून.

त्या क्षणी कुठलं कुठलं आठवायला लागलं. आई सकाळी आबांच्या शर्टाची बटणं लावायची, मला तो लाड वाटायचा. लहानपणी मी वर्गात बढाई मारायचे की माझे आबा तव्यावरची भाकरी हातानं उचलतात, चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवतात, त्यांना चटका बसतच नाही. मी गेटवर दीडशे जणांना विचारलं असेल, बटण लावता येतं का म्हणून. घरात एकाला विचारलं नव्हतं.

मी काही बोलणार तोवर आबांनी हात वर केला. भाषण नंतर, अशा अर्थानं. त्यांनी काठीची मूठ, बाही वर सारून, कोपराच्या आतल्या बाजूला लावली आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी तिच्यावर चढवली. ही पट्टी त्यांनी गुपचूप कापून आणली होती. मग बोटं काठीवर नुसती ठेवली, धरली नाहीत, आणि खांद्यातून हात फिरवून गळ फेकला. तंगुसाला वजनासाठी लावलेलं शिसं लांब जाऊन पडलं.

बांबूवर आपल्याला काही कळत नाही, ते सांगायला लागले. मासा गांडूळ खाऊन, पोट भरून, घरी जातोय, मला पत्ता न्हाई. मामा शेजारून ओरडायचा, वढा दाजी. म्हणजे मासा मामाचाच. तीन वर्षांमागं त्यांनी ते सोडलं. मी म्हटलं, पाण्यावर भेंडाचा तुकडा सोडून तो कधी बुडतो ते बघत बसता येतं की.

"डोळ्यानं मासं धरायचं म्हंजी टीव्ही बघितल्यागत," आबा म्हणाले. "हिकडं ये. बस."

त्यांनी पट्टी सोडली, माझ्या स्वेटरची बाही वर केली, आणि काठी माझ्या कोपराला लावली. डोळे मीट म्हणाले. रीळ मात्र ते स्वतःच तळहाताच्या कडेनं हळूहळू फिरवत राहिले, म्हणजे तळावरचं शिसं आमच्याकडं सरकत येईल.

आधी काहीच नाही. नुसती थंडी आणि काठीचं नसलेलं वजन. मग हाडात बारीक खरखर आली. कानात नाही, बोटांत नाही, कोपराच्या हाडात.

"खडी," आबा म्हणाले.

खरखर थांबली आणि सगळं मऊ झालं, कोणीतरी गादीवरून हात फिरवावा तसं. गाळ, म्हणाले. मग एक टक. शिसं कशाला तरी अडलं, उचललं गेलं, आणि सपाट घासत आलं. पुन्हा टक. पुन्हा सपाट. पुन्हा टक. सारख्या अंतरानं. मी डोळे मिटूनच मोजत होते. पाच झाले.

"काय हाय ते सांग," आबा म्हणाले.

मी म्हटलं, पायऱ्या.

मामानं शेकोटीत काटकी सारली आणि सांगितलं की व्हय, जुना पाणवठा आहे तिथं खाली. बंधारा व्हायच्या आधी बायका तिथं धुणं धुवायच्या. आता उन्हाळ्यात बरगे काढल्यावर फार तर वरची एक पायरी दिसते. बाकीच्या त्यानंसुद्धा पाहिल्या नाहीत, त्याच्या आईनं सांगितलेल्या.

मला जे झालं ते लिहायला माझ्याजवळ सवयीचे शब्द नाहीत. मला सवय आहे ती निषेधाच्या शब्दांची. एवढंच सांगते की वेदगंगा मी जन्मापासून बघत आले, तिच्या पाण्यावरून भांडणाऱ्या लोकांबरोबर मोर्च्यात गेले, आणि तिला तळ आहे, तळाला पायऱ्या आहेत, त्या पायऱ्यांच्या कडा अजून धारदार आहेत, हे मला त्या सकाळी माझ्या हाडानं सांगितलं. मी डोळे उघडले. वर पाणी तसंच, वाफाळणारं, काही न सांगणारं. पुन्हा मिटले. खाली कोण्या बायकांनी घासून घासून मधोमध खोलगट केलेली पायरी होती आणि शिसं त्या खोलग्यात उतरून दुसऱ्या बाजूनं वर आलं. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना माझ्या तोंडावरून तळ दिसत असावा.

थोड्या वेळानं कोपरात काहीतरी वेगळं आलं. टक नाही, खरखर नाही. कोणी झोपेत कूस बदलावी तसं. मी काठी घाईनं आबांना दिली. त्यांनी कोपराला लावली, डोळे मिटले, आणि चेहऱ्यावरची एक रेघसुद्धा हलू दिली नाही.

"हुंगालंय," ते कुजबुजले. "चिलापी न्हाई. मरळ हाय. मोटी."

मामा नुसता बघत होता. वढा म्हणाला नाही. पाणी शांत होतं, बाहेरून बघणाऱ्याला तिथं काहीच घडत नव्हतं. मग आबांनी सबंध दंड मागं झटकला, काठी अर्धगोल वाकली, आणि रीळ किर्र करून उठली. एकोणतीस वर्षं ग्राइंडरनं मारून टाकलेल्या हातांचा माणूस तिथं उभा होता, आणि नदीतला एक जिवंत जीव त्याच्याशी खांद्यातून बोलत होता. तो कधी डावीकडं जाणार, कधी थांबणार, हे आबांना आधी कळत होतं, मला तंगूस हलल्यावर.

मासा काठाला आला. चिलापी होती. तळहाताएवढी.

मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "मरळ म्हणं. मोटी."

"लागला ते तर कळलं का न्हाई?" आबा म्हणाले. "तू वरडलास का? न्हाईस न्हवं?"

मामा हसायचा थांबला. न्हाई, म्हणाला.

मी आणखी एक गोष्ट केली, ती लपवत नाही. मी मामाचा बांबू घेतला. चारशे रुपयांचासुद्धा नसेल, त्याच्याच बांधावरचा. तंगूस बोटावर घेतला, शिसं त्याच जागी फेकलं, हळूहळू ओढलं. पायऱ्या लागल्या. बोथट लागल्या, तिसरी हुकली, खोलगा तर कळलाच नाही, पण लागल्या. माझी बोटं शाबूत आहेत. मला एकवीस हजारांची काठी घेणं ही आजही चैनच होईल, आणि मोटारीच्या दारात ती मोडून आणणाऱ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण गाडीवरून परत येताना मला वेगळाच राग आला होता, आणि तो काठीचा नव्हता. हातमोजे, कंप कमी करणारी मूठ, दर तासाला हाताला विसावा, एवढं एकोणतीस वर्षं दिलं असतं तर माझ्या बापाला बांबू पुरला असता. काठी महाग नाही. ते न दिलेलं महाग पडलं, आणि ते आबांनी भरलं.

हे मी कागलजवळ चहाला थांबलो तेव्हा त्यांना म्हटलं. हे बिल दुकानात जाणार नाही, तुमच्या उत्तरांना जोडून नुकसानभरपाईच्या अर्जासोबत जाणार, कारखान्याच्या नावानं.

"मासं धरायच्या काटीचं?" आबा म्हणाले. "लोक हसतील."

हसू देत, मी म्हटलं.

कप आबांनी नेहमीसारखा दोन्ही तळव्यांत धरला होता, वाफ येत असताना, आणि मी पहिल्यांदा तो त्यांच्या हातातून काढून निवायला खाली ठेवला. मग ते म्हणाले, खात्यातले अजून कामावर आहेत त्यांच्यावर राग निघाला तर? पत्रकात मी याचं उत्तर नेहमी एका ओळीत दिलेलं असतं. तिथं मी उठून चहाचे पैसे दिले.

शनिवारी दुपारी, म्हणजे आठव्या दिवशी, मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि गेटवर विचारते तसे सहा प्रश्न विचारले. त्यांनी सहाही उत्तरं दिली. नाणं, बटण, सगळं. नाव लिहू का विचारलं, तर म्हणाले, आदी काटी तपासू. काल गाडीवर हिसकं बसल्यात, बिघडली असंल.

बिघडली नव्हती, दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी ती जोडली. मूठ सोप्यात, त्यांच्या कोपराला, आणि टोक दारातून अंगणात, माझ्याकडं. आई मधल्या उंबऱ्यावर, काठीला पाय लागू नये म्हणून साडी सावरून उभी. आबांनी डोळे मिटले. मी टोकाला नख टेकवलं, इतकं हलकं की मलाच ते टेकल्याचं नीट कळलं नाही.

"व्हय," आतून आवाज आला.

मी हात मागं घेतला आणि तशीच उभी राहिले. दुकानात आत्ता गिऱ्हाईक असेल. ते बंद व्हायच्या आधी गेले असते तर काठी परत घेतली असती. अंगणात कोंबडी उकरत होती, वारा नव्हता.

"आता न्हाई," आबा म्हणाले. आणि मग थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच ठेवून, "लिव नाव. पुरं लिव."